अबोल्याचा आदेश

सकाळी दहा बावीसला चार नंबरच्या टाकीखालच्या पंपाचं सील गेलं, टोल्युइन पेटलं आणि दहा एक्केचाळीसपर्यंत वेळसई औद्योगिक वसाहतीतली एकशे चौदा माणसं मेली. त्यात माझे वडील होते आणि मीही होतो. आम्ही दोघं असेंब्ली पॉइंटच्या फलकाखाली एकत्र सापडलो. वडिलांच्या उजव्या हातात माझं मनगट होतं. ते सोडवायला बचाव पथकाची दोन माणसं लागली.

ही घटना घडलेली नाही.

प्रत्येक अहवालाच्या शेवटी हे वाक्य लिहावं लागतं. मी कनिष्ठ अहवाल लेखक आहे, अघटित विभागात. जे लिहितो ते सगळं न घडलेलं असतं. कथालेखकही तेच करतात, पण त्यांना हजेरी लावावी लागत नाही.

नियम असा आहे की टळलेल्या अपघाताचा अहवाल झालेल्या अपघाताइतकाच तपशीलवार हवा. मृतांची नावं, वयं, कोण कुठे सापडलं, सगळं. अपघात टळला हे सिद्ध करायचं तर आधी तो नीट करावा लागतो. वर लिहिलेला अहवाल क्रमांक सहाशे एकोणीस. तोपर्यंतच्या अहवालांत मी एक्केचाळीस वेळा मेलो होतो आणि नाना, म्हणजे माझे वडील, सत्तावन्न वेळा. नानांना पहिल्यांदा मेलेलं लिहिलं त्या दिवशी मी जेवलो नाही. सत्तावन्नाव्या दिवशी दोनदा भाजी घेतली.

हे अपघात आम्हाला 'शेजार' पुरवते. शेजार ही संगणक प्रणाली आहे. वसाहतीतले कामगार तिला शेजारीण म्हणतात, कारण कोणाच्या घरात काय चाललंय ते तिला आधी कळतं.

रासायनिक कारखान्यातला पहिला अपघात बहुतेक वेळा लहान असतो. माणसं मारतो तो दुसरा, किंवा तिसरा. एक टाकी पेटली की तिची धग शेजारच्या टाकीवर पडते, भर मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हाच्या पंधरा-वीस पट. टाकीत जिथपर्यंत द्रव असतो तिथपर्यंत तो उष्णता शोषून घेतो आणि पत्रा सांभाळला जातो. त्याच्या वरचा पत्रा मात्र कोरडा. तो तापत तापत सहाशे अंशांच्या आसपास मऊ पडतो. आत दाबाखालचा गॅस असेल तर टाकी तिथेच फाटते, आतलं सगळं एका क्षणात उकळून बाहेर पडतं, आणि टाकीचे तुकडे उडत तिसऱ्या कारखान्यात जाऊन पडतात. तिथे चौथी टाकी असतेच.

पूर्वी प्रत्येक कंपनी या धोक्याचा हिशोब आपापल्या कुंपणापर्यंत करायची. कुंपणाच्या पुढे आग गेली तर ती दुसऱ्याची आग. शेजारने पहिल्यांदा त्रेचाळीस कारखाने एकत्र धरले. टाक्या, पाइप, गटारं, वारा आणि माणसं. आमच्या सगळ्यांच्या मनगटावर पट्टा आहे. कोण कुठे चालतो, कोणाची नाडी कोणाला बघून वाढते, कोण शिफ्ट सोपवताना वहीत न बघता सही ठोकतो, हे ती बघत असते. मग दिवसाला लाखभर अपघात स्वतःशी घडवून पाहते आणि साखळीतली कोणती कडी तोडणं सगळ्यात सोपं आहे ते सांगते.

टाकी हलवायला दोन वर्षं लागतात, माणूस हलवायला एक पत्र पुरतं. त्यामुळे शेजारने टाक्या सांगणं हळूहळू बंद केलं. भोंगा झाला की सगळ्यांनी जमायचं तो असेंब्ली पॉइंट बरोबर पलीकडच्या कंपनीच्या गॅसच्या बुलेटसमोर आहे. बुलेट म्हणजे आडवी, दाबाखालची टाकी. तो पॉइंट बदलावा ही शिफारस अहवाल क्रमांक चौदापासून चालू आहे. चहावाल्याची वेळ बदलावी ही शिफारस त्याच दिवशी मंजूर झाली होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुकादम मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मिनाझ मुकादम आमच्या कंपनीच्या सुरक्षा अधिकारी. बाई हसत नाहीत, पण समोरच्याला बसायला सांगतात.

"बसा, गुरव. सहाशे एकोणीस तुम्हीच लिहिलात ना?"

"हो. त्यात मी आहे."

"मीपण आहे. एकतिसावी." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "यात कडी कोणती, पाहिलंत?"

"पंपाचं सील."

"ठिणगी कुठूनही येते हो. सील, चिंधी, पक्ष्याचं घरटं. शेजारने चाळीस हजार प्रकारे आग लावली. तारीखही ती उगाच टाकते, फॉर्ममध्ये रकाना आहे म्हणून. चाळीस हजारांत एकच गोष्ट सारखी आहे. भोंगा झाला की तुमचे वडील सात नंबरचा व्हॉल्व्ह सोडतात आणि तुमच्याकडे धावतात."

सात नंबरचा व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा आहे. तो आधी अर्धा फेरा उघडावा लागतो, मग बंद करावा लागतो, नाहीतर अडकतो. किती जोर दिला म्हणजे तो अडकत नाही हे फक्त नानांच्या खांद्याला माहीत आहे. स्वयंचलित व्हॉल्व्हचा प्रस्ताव तीन वर्षं सहीसाठी फिरतोय. नव्वद सेकंदांत तो बंद झाला तर आग आमच्याच आवारात राहते. झाला नाही तर पेटतं टोल्युइन भिंतीखालच्या गटारातून पलीकडे जातं, थेट त्या बुलेटखाली.

"मग माझी बदली करा."

"शेजारमध्ये करून पाहिली. ते व्हॉल्व्हपाशी उभे राहून तुम्हाला फोन लावतात. सत्तर सेकंद जातात."

"नानांना आधी निवृत्त करा."

"व्हॉल्व्ह कोण फिरवणार? तीही साखळी काढलीय. दोनशे सहा माणसं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हा एकच उपाय बसतोय."

कागदावर लिहिलं होतं: श्री. दिगंबर गुरव, टाकी विभाग, व श्री. श्लोक गुरव, अघटित विभाग, यांच्यातील सुरक्षित अंतर अपुरे असल्याने, श्री. दिगंबर गुरव यांच्या निवृत्तीपर्यंत, म्हणजे एकतीस डिसेंबरपर्यंत, सदर दोन व्यक्तींमध्ये अबोला प्रस्थापित करण्यात यावा.

मी दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं.

"अबोला," मी म्हणालो.

"दोन टाक्यांमध्ये आपण अंतर ठेवतोच की. आणि वडिलांना सांगायचं नाही. ठरवून धरलेला अबोला नाटक होतो. नाटकातला माणूस भोंगा झाल्यावर धावतो. त्यांना खरंच लागलं पाहिजे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"म्हणू शकता. मागे नकाराचा रकाना आहे. त्याखाली एकशे चौदा नावं आहेत, प्रत्येक नावापुढे तुमची आद्याक्षरं लागतील."

मी कागद उलटला. एकतिसाव्या नावावर माझी नजर थांबली, ते मॅडमच्याही लक्षात आलं. त्यांनी पेपरवेट उचलून दुसऱ्या फायलीवर ठेवला. मी पुढच्या बाजूला सही केली.

नानांशी भांडण करणं मला वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. गावदेवीची पूजा आमच्या घराण्याकडे. वसाहत झाली तेव्हा देऊळ कुंपणाच्या आत गेलं, म्हणून नाना रोज पहाटे गेटवर पट्टा दाखवून देवीला हार घालतात आणि मग टाक्यांकडे जातात. असा माणूस सहजासहजी चिडत नाही. आधी मी त्यांच्या बांगड्याच्या आमटीला नावं ठेवली.

"कोकमाचं आगळ जास्त झालं का रे? मलापण वाटलंच," ते म्हणाले, आणि माझ्या वाटीत नारळाचं दूध घातलं.

मग मी सांगितलं की देवीची पूजा मी पुढे चालवणार नाही.

"नको चालवूस. देवीला काय, ती बघेल कोणीतरी."

मी आडनाव बदलायचं ठरवलंय म्हणून सांगितलं.

"काय ठेवतोयस?"

"विचार चालू आहे."

"सोपं काहीतरी ठेव. बँकेत त्रास होतो."

दर शुक्रवारी मी मॅडमना प्रगतीचा तक्ता द्यायचो. तीन आठवडे त्यात शून्य होतं. नानांच्या मनगटावरचा पट्टा सांगत होता की मी घरी आलो की त्यांची नाडी अजूनही खाली येते, माणूस घरी परत आलेलं बघून येते तशी. चौथ्या शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, "गुरव, तुम्ही उगाच इकडेतिकडे फिरताय. कुठे लागतं ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी माझी आई गेली. दुपारी घरात कोसळली, मी तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. त्याच दुपारी चार नंबरच्या टाकीला गळती लागली होती आणि नाना पाच तास सात नंबरच्या व्हॉल्व्हला चिकटून होते. ते आले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि सगळं संपलं होतं. यावर आमच्या घरात कधीच कोणी काही बोललं नाही. पण त्यानंतर नाना व्हॉल्व्हपाशी उभे राहताना मी बसतो त्या प्रशासकीय इमारतीकडे तोंड करून उभे राहायला लागले. पुढच्या वेळी धावायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं असणार. शेजारलाही ते तिथूनच कळलं असणार.

ऑगस्टमधल्या एका रविवारी नाना गवार मोडत बसले होते. मी समोर बसलो.

"नाना, आई शेवटी विचारत होती. आले का ते, म्हणून. तीनदा विचारलं."

नानांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मी तिला म्हटलं, येतायत. तर म्हणाली, नाही येणार ते. त्यांचा व्हॉल्व्ह असेल."

आई शुद्धीवर नव्हती. रिक्षात बसवल्यापासून तिने डोळे उघडले नव्हते. हे मला माहीत होतं, नानांना नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "हे आज सांगावंसं का वाटलं तुला? कोणी सांगितलं असं बोलायला?"

"कोणी नाही."

त्यांनी गवार मोडून पूर्ण केली. फोडणीला टाकली. भात झाल्यावर कुकरकडे बघून म्हणाले, "कोणाला भूक असेल तर वाढून घ्यावं."

त्या शुक्रवारी तक्त्यात सगळं हिरवं होतं. मॅडमनी माझं अभिनंदन केलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

त्यानंतर नाना मला सोडून घरातल्या सगळ्यांशी बोलायचे. कुकरशी, पंख्याशी, दाराशी येणाऱ्या मांजराशी. "पाणी जाणार आहे म्हणे अकराला," असं ते बादलीला सांगायचे, आणि मी बादली भरून ठेवायचो. मला काही विशेष वाटत नव्हतं. मी रोज आठ तास मेलेल्या माणसांची वयं टाइप करतो, त्याने मन घट्ट होतं. मधून मधून सहाशे एकोणीस उघडून मी असेंब्ली पॉइंटचा परिच्छेद वाचायचो, भाषा तपासायला. भाषा ठीक होती.

मग खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. दोन दिवस आधीपासून नाना झेंडूचे हार ओवतात. पंप, मोटारी, वजनकाटा, फायर इंजिन, प्रत्येकाला एकेक. शेजारने एकदा हारांवर बंदी सुचवली होती, पण तिनेच पुढचं घडवून पाहिलं तेव्हा लोक चोरून हार घालतात आणि चोरून घातलेला हार कुठे आहे ते कोणालाच कळत नाही, असं निघालं. ती साखळी एकशे नव्वद माणसांची होती. म्हणून हार चालू राहिले.

चार नंबरच्या पंपाचा मोठा हार नाना स्वतः शिडीवर चढून वरच्या पट्टीला बांधतात. त्याच पट्टीवर फ्लेम डिटेक्टर आहे. जांभळाएवढी काच, जी आग बघून भोंगा वाजवते. मी सहावीत असल्यापासून दर वर्षी टोपली घेऊन शिडीखाली उभा राहतो आणि हार बांधून झाला की म्हणतो, "नाना, डोळा." मग नाना झेंडू बाजूला सारतात. माझं एवढंच काम. वर चढलेल्या माणसाला तो डोळा दिसत नाही, खालून दिसतो.

त्या वर्षीही मी टोपली घेऊन उभा होतो. तेवढी हरकत नव्हती, टोपली धरणं बोलण्यात येत नाही. नानांनी हार बांधला. डोळा पूर्ण झाकला गेला होता.

मी तोंड उघडलं. मनगटावरचा पट्टा थरथरला. वर अक्षरं आली: अबोला भंग. धोका एकशे चौदा.

मी तोंड मिटलं. नाना खाली उतरले, त्यांनी टोपलीला नमस्कार केला आणि गेले. मी मॅडमना फोन लावला. त्या पलीकडच्या कंपनीत, असेंब्ली पॉइंट बदलण्याच्या बैठकीत होत्या. फोन बंद ठेवून बसावं लागतं. मी देखभाल विभागाला निरोप लिहिला, तर उत्तर आलं की पूजेनंतर प्रसाद झाला की माणूस पाठवतो. मग मी वर जाऊन माझ्या टेबलाशी बसलो. हा भाग मी नंतर अहवालात लिहिला तेव्हा 'संबंधित कर्मचारी आपल्या जागेवर परतला' असं लिहिलं.

अकरा चाळीसला पंपाचं सील गेलं.

टोल्युइन पेटलं आणि झेंडू बराच वेळ ती आग स्वतःच बघत राहिला. हार जळून गळून पडल्यावर डोळ्याला दिसलं आणि भोंगा झाला. खिडकीतून मला चार नंबरची टाकी दिसत नव्हती, सात नंबरचा व्हॉल्व्ह दिसत होता. नाना तिथे पोचले होते. त्यांनी मान वळवली आणि आमच्या इमारतीकडे बघितलं.

कॅमेऱ्यात मोजलं तर ते चार सेकंद आहेत. माझा हात वर गेला होता. हलवायला की थांबवायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग त्यांनी पाठ फिरवली. व्हॉल्व्ह अर्धा फेरा उघडला, आणि बंद करायला लागले. शहाऐंशी सेकंद. चाक तापलं होतं, त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. आग भिंतीपासून अकरा फुटांवर थांबली.

कोणीही मेलं नाही. मुकादम मॅडम, कँटीनमधले सगळे, पलीकडच्या कंपनीतली बाळंतपणाच्या रजेवर जायला दोन दिवस उरलेली एक केमिस्ट, सगळे संध्याकाळी घरी गेले आणि उशीर झाल्याबद्दल बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी एकमेकांना सोनं वाटलं. मला एकशे दहा लोकांनी आपट्याची पानं दिली. का, ते त्यांना माहीत नव्हतं.

मी मॅडमना विचारलं, "अबोला नसता तर मी डोळा म्हटलं असतं. भोंगा लगेच झाला असता."

त्यांनी शेजारला विचारलं. उत्तर यायला वेळ लागला नाही.

"बरोबर आहे तुमचं. तुम्ही बोलला असतात तर कँटीनमधल्या बादलीने विझली असती, त्या दिवशी. आणि न विझती तर ते धावले असते आणि आपण दोघं इथे नसतो." मॅडमनी चष्मा काढला. "दोन्ही खरं आहे, गुरव. मी काय करू, सांगा."

मी जाऊन अहवाल लिहिला. शेवटचं वाक्य सवयीने टाइप झालं, ते खोडावं लागलं.

एकतीस डिसेंबरला नाना निवृत्त झाले. कंपनीने शाल दिली, आणि सात नंबरच्या व्हॉल्व्हचं चाक फ्रेममध्ये बसवून दिलं. नवा व्हॉल्व्ह स्वयंचलित आला होता. सही अखेर झाली. आदेशाची मुदत मध्यरात्री आपोआप संपली, तसा पट्ट्यावर संदेश आला.

पहिल्या जानेवारीला सकाळी नाना पायरीवर देवीचा हार ओवत बसले होते. भाजलेली बोटं नीट मिटत नाहीत, त्यामुळे एका फुलाला आता तिप्पट वेळ लागतो. मी आदेश त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, तळाची प्रत कोणाकोणाला ती यादीसुद्धा.

"आई शुद्धीवर नव्हती, नाना," मी म्हणालो. "काहीच विचारलं नव्हतं तिने. मी खोटं बोललो."

नाना सुईत दोरा घालत राहिले. आग लागल्यापासून ते कुकरशीसुद्धा बोलले नव्हते, त्यामुळे आवाज आला तेव्हा मी दचकलो.

"हे सांगायचा आदेश कितव्या नंबरचा?"

"याला आदेश नाही. हे मी सांगतोय."

"तेव्हापण कोणी सांगितलं नव्हतं तुला."

त्यांनी हार पूर्ण केला, आदेशाची घडी करून माझ्या खिशात ठेवली आणि देवळाकडे गेले. याला चौदा महिने झाले. आम्ही एकाच घरात राहतो. पाणी अकराला जातं हे मला आता माझं मलाच लक्षात ठेवावं लागतं.

काल मी पुढील अर्ज आवक विभागात दिला. त्यांनी शिक्का मारून पोच दिली आहे.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी,
शेजार प्रणाली कक्ष, वेळसई औद्योगिक वसाहत.

विषय: अहवाल क्रमांक ६१९ मध्ये अंशतः दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त अहवाल मीच लिहिला असून त्याच्या शेवटी 'ही घटना घडलेली नाही' असे नमूद आहे. त्यास माझी सर्वसाधारणपणे हरकत नाही. तथापि सकाळी दहा तेवीस ते दहा चोवीस, म्हणजे श्री. दिगंबर गुरव यांनी व्हॉल्व्ह सोडल्यापासून त्यांनी अर्जदाराचे मनगट धरेपर्यंतचे एक मिनिट, घडले असे मानण्यात यावे. मागचे व पुढचे काहीही घडले असे मानण्याची आवश्यकता नाही. या दुरुस्तीस उर्वरित एकशे बारा मृतांची हरकत नसावी, कारण ते सर्व हयात आहेत.

श्री. गुरव यांचा अर्जदाराच्या बोलण्यावर विश्वास राहिलेला नाही, शिक्क्यावर अद्याप आहे. तरी ते त्या वेळी धावले होते व वेळेत पोचले होते, असे त्यांना कार्यालयीन पत्राने, अर्जदाराच्याच पत्त्यावर, कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.